इतकं स्पष्ट नको

"आवाज किती चांगला येतो ते राहू द्या. आवाज बंद ठेवून शूटिंग करता येतं का, ते सांगा," मुलगा म्हणाला.

कॅमेऱ्याच्या दुकानात वीस वर्षं उभं राहून सेल्समनने नाना तऱ्हेचे प्रश्न ऐकले होते. हा पहिल्यांदाच ऐकला. लोक लग्नासाठी कॅमेरा घेत, बाळाच्या पहिल्या पावलासाठी घेत. आवाज नको म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

"येतं. दोन्हींत येतं," तो म्हणाला.

काउंटरवर दोन कॅमेरे होते. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. कुठला घ्या म्हणून तो कधी गिऱ्हाइकाच्या मागे लागत नसे. दोन्ही कॅमेरे एकाच स्टँडवर शेजारी शेजारी बसवायचे, एकदम सुरू करायचे आणि तेच दृश्य दोन पडद्यांवर दाखवायचं, ही त्याची रीत. मग गिऱ्हाइकाचे डोळेच काय तो निवाडा करत.

"समोर कुणाला तरी बसवा," तो म्हणाला.

मुलाने बरोबर आणलेल्या वडिलांना स्टुलावर बसवलं. त्याची बायको त्यांच्या शेजारी उभी राहिली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गुडघ्यावर ठेवलेला उजवा हात सारखा थरथरत होता.

"सहीच जमत नाही हो त्यांना. शर्टाची बटणंसुद्धा मी लावते," सूनबाई म्हणाल्या. "म्हणून अंगठा घ्यायचाय. वकील म्हणाले, अंगठा घेताना शूटिंग करून ठेवा. उद्या नणंदबाई उठून म्हणायच्या, बाबांना फसवलं." त्यांनी सासऱ्यांचा दंड धरला आणि आवाजात साखर घोळली. "म्हणा बाबा, मी राजीखुशीनं घर मुलाच्या नावावर करतोय."

म्हाताऱ्याने मान वर करून थेट कॅमेऱ्यांकडे पाहिलं.

"घर मी कुणाच्याही नावावर करत नाही. काल केलं नाही, आज करत नाही."

"झोप झाली नाही त्यांची," मुलगा हसून म्हणाला. "बंद करा. दाखवा, कसं आलंय."

सेल्समनने दोन्ही पडदे त्यांच्याकडे वळवले. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात सून सासऱ्याला मायेनं धरून उभी होती. महागातल्यात सगळंच दिसत होतं. गालावरचे पांढरे खुंट, कॉलरवर सांडलेलं औषध, आणि दंडाच्या सैल कातडीत रुतलेली तिची नखं. नखांच्या आजूबाजूला जुने, हिरवट पडलेले चार वळ.

सूनबाई वाकून बघत होत्या, त्या ताठ झाल्या.

"इतकं स्पष्ट नको बाई."

"कशाला दुप्पट घालवायचे?" मुलगा लगेच म्हणाला. "हाच द्या, साधा. आवाज बंद ठेवू, बाबांनी मान हलवली की झालं. कोपराने जरा ढोसलं की हलते मान."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे सेल्समनने ऐकले होते. इथे तर जित्या माणसाला स्टुलावर बसवून त्याच्या टाळूवर बोट फिरवणं चाललं होतं, आणि वर घासाघीस होती की स्टँड फुकट द्या. "स्टँड नाही, बॅग फुकट आहे," असं आपण हसून बोलल्याचं त्याच्या कानांवर पडलं, आणि त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

"आणि आत्ताचं ते पुसा. माझ्यासमोर," मुलगा म्हणाला.

सेल्समनने स्वस्तातला कॅमेरा हातात घेतला, बटण दाबलं आणि रिकामा पडदा त्याच्या नाकासमोर धरला. मुलाचं समाधान झालं. तो गाडी आणायला बाहेर गेला. सूनबाई बॅगेचा रंग निवडायला पलीकडच्या कपाटाकडे वळल्या. जो कॅमेरा घ्यायचाच नाही, त्याच्यातही सगळं उतरलं आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सेल्समनच्या मात्र आलं होतं. त्याने महागातल्या कॅमेऱ्यातून नखाएवढं कार्ड काढलं. त्याच्या कडेची बारीकशी खिट्टी सरकवली, म्हणजे आतलं चुकूनही पुसलं जाणार नाही. मग वाकून ते म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं. थरथरीनं कार्ड खाली पडेल म्हणून त्याने स्वतःचा हात खाली धरला.

"काका, यात तुमचं बोलणं आहे. आणि दंडही आहे."

"पुसलं ना तू?"

"स्वस्तातलं पुसलं."

म्हाताऱ्याने कपाटाकडे एक नजर टाकली.

"माझ्या मुलीला बघता येईल हे?"

"कुठल्याही कॉम्प्युटरवर."

म्हाताऱ्याची मूठ मिटली. त्याने कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं, वरची पट्टी ओढली आणि इवलंसं बटण एका फटक्यात काजात बसवलं. खाली धरलेला सेल्समनचा हात तसाच राहिला.

"निळीच बरी वाटते. चला बाबा," कपाटाकडून सूनबाईंचा आवाज आला.

"आलो," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा हात पुन्हा थरथरायला लागला.