तरस्याची जन्मकथा

"आई त्याचं तोंड बघते आणि जन्मल्या दिवशीच त्याला रानाच्या कडेला टाकून निघून जाते," दिग्दर्शक म्हणाला. "तिथून सिनेमा सुरू."

इस्त्री करता करता चित्रकाराच्या बायकोचा हात थांबला. "आईनं टाकलं? ते का म्हणून?"

"काकू, तो खलनायक आहे ना. अर्धा माणूस, अर्धा तरस. चित्रकथेच्या पहिल्याच अंकात पोराला पुलावरून नदीत फेकतो. एवढा राग त्याच्यात आला कुठून, हे आजकाल प्रेक्षकांना सांगावं लागतं."

चित्रकार खुर्चीत डोळे मिटून ऐकत होता. त्याला यात नवं काहीच नव्हतं. तरस्या चित्रकथेतून बाहेर पडला आणि ज्याच्या हाती लागला त्यानं त्याची जन्मकथा आपल्या मर्जीनं रचली. मुलांच्या नाटकात त्याला जादूगाराचा शाप मिळाला. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये तो प्रयोगशाळेतली कसलीशी बाटली प्यायला. व्हिडिओ गेमवाल्यांनी तर त्याला थेट परग्रहावरूनच आणला, म्हणजे पुढच्या चौकशीची कटकटच मिटली! मूळ चित्रकथेत मात्र याबद्दल चकार शब्द नव्हता. आणि ज्यानं तो काढला, त्याला कुणी कधी विचारलंही नाही.

या दिग्दर्शकानं विचारलं. पोरगा तसा भला होता. घरी येऊन, पहिल्या अंकाचं मूळ पान समोर ठेवून, मोठ्या अदबीनं बोलत होता. "सर, तुमच्या मनात काय होतं तेही सांगा. बसत असेल तर घेऊ."

"नाही बसायचं," चित्रकार म्हणाला. "तुमचंच राहू द्या."

तेवढ्यात लॅच उघडून मुलगी आत आली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, तिनं दारातच बूट भिरकावले. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिची डावी बाजू तपकिरी होती आणि तिच्यावर दाट, मऊ लव होती. जन्मखूण. दिग्दर्शकानं बघितलं, चटकन मान खाली घातली, तर खाली टेबलावर तरस्या. तिथूनही त्याला नजर उचलावी लागली. बिचाऱ्याला बघायला जागाच उरली नाही.

"बघा हो खुशाल," मुलगी म्हणाली. "शाळेत मला तरसीच म्हणायचे. बरं, या वेळी कशानं झालाय तो तसा?"

"आईनं टाकला म्हणून म्हणे," आई म्हणाली. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि नवऱ्याकडे वळली. "आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते."

चित्रकारानं डोळे उघडले. मग त्यानं ते पान पुढे ओढलं.

"आमच्याकडे चित्रं आधी व्हायची," तो म्हणाला. "शब्द मागाहून. प्रकाशनाचे मालक ते लिहवून घ्यायचे आणि संवादाचे फुगे कापून चित्रावर चिकटवायचे." तरस्याच्या तोंडाशी चिकटवलेल्या फुग्यात लिहिलं होतं, 'जा, बूड!' "तेवढा कागद हातानं झाका. आणि नुसतं चित्र बघा."

दिग्दर्शकानं फुग्यावर तळहात ठेवला. तरस्या पुलाच्या कठड्यावरून कमरेपर्यंत खाली वाकला होता. पोराचं मनगट त्याच्या दोन्ही हातांत गच्च. टाचा दगडांच्या फटीत रोवलेल्या, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

"अहो, हा फेकत नाहीये," दिग्दर्शक म्हणाला. "वर ओढतोय!"

"नायक होता तो," चित्रकार म्हणाला. "ही तेव्हा दोन वर्षांची होती. म्हटलं, ही शाळेत जाईपर्यंत घराघरातल्या पोरांना हे तोंड ओळखीचं होईल. आवडायला लागेल. हिच्या शेजारी कोण बसणार म्हणून भांडतील. मालक म्हणाले, असल्या तोंडाचा नायक कोण विकत घेणार? चित्राची एक रेघ हलवली नाही त्यांनी. फक्त फुगे बदलले."

"आणि तुम्ही, बाबा?" मुलीनं विचारलं.

"गप्प बसलो. नोकरी होती. मग तो खपायला लागला. मालकांनी पुन्हा मागितला, मी पुन्हा काढला. दात मोठे करा म्हणाले, केले."

मुलगी पानावर वाकली. लहानपणी हातात येईल तो अंक तिनं फाडला होता, नीट असा कधी बघितलाच नव्हता. तिचे डोळे भरून आले. "किती सुंदर काढलाय," ती म्हणाली, आणि ते अगदी मनापासून होतं.

मग ती दिग्दर्शकाकडे वळली.

"आईनं टाकलं असं लिहू नका. माझी आई रोज शाळेच्या फाटकाशी उभी राहायची आणि कुणी चिडवलं की त्याच्या अंगावर धावून जायची. बापानं टाकलं, असं लिहा."

दिग्दर्शक कावराबावरा झाला. त्यानं आधी काकूंकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मुलीशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"लिहा," चित्रकार खाली बघतच म्हणाला. "फक्त त्या बापाला मारू नका. त्याला शेवटपर्यंत सगळं बघू द्या."