शेवटचा चौकोन

सीझनचा शेवटचा बेसबॉल सामनाही आपली टीम हरणार, हे शरयूताईंना दिसत होतं. तरी नवऱ्याच्या स्कोअरच्या वहीत त्या एकेका खेळाडूचा चौकोन पेन्सिलीने भरत होत्या.

ते होते तोवर वही त्यांच्याच मांडीवर असायची. शरयूताई शेजारी बसून शेंगा सोलायच्या आणि कुरकुरायच्या, "कसले लागताय या हरणाऱ्यांच्या नादी!"

शेवटचा खेळाडू बाद झाला. लोक उठून पार्किंगकडे निघाले.

"आई, एक चौकोन राहिला ना," शेजारी बसलेली लेक म्हणाली.

दर सीझनला शेवटचा तेवढा एक चौकोन तिचे बाबा कोराच ठेवायचे. म्हणायचे, "सगळं भरून टाकलं, तर पुढच्या वर्षी यायचं कशाला?"

शरयूताईंनी वही मिटली.

"राहू दे तो. आणि पुढच्या वर्षी शेंगा तू सोलायच्या."