बाबाची फेरी

पुढच्या रुळांच्या दुरुस्तीचं काम सुरू असल्यामुळे शनिवार-रविवारी मेट्रोची एकच गाडी चार स्टेशनांमध्ये ये-जा करायची. "ही गाडी आहे की पाळणा?" प्रवासी वैतागायचे. चालक मात्र प्रत्येक टोकाला केबिनमधून बाहेर यायचा, डब्यांमधून चालत दुसऱ्या टोकाला जायचा आणि जाता जाता माझ्या मांडीवरच्या लेकीचा गालगुच्चा घ्यायचा. एरवी तिला बाबा भेटतो कुठे? ती उठायच्या आत तो कामावर, आणि तो येईपर्यंत ही गाढ झोपलेली.

आज एक हेल्मेटवाले इंजिनिअर डब्यात चढले. "झालं बरं का काम! पुढच्या शनिवारपासून सगळ्या गाड्या सुरू." अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या.


लेकीने हळूच त्यांची बाही ओढली. "काका, नीट बघा ना. अजून कुठेतरी मोडलं असेल."