गोल रेघा

बोनेटवर ऊन पडलं आणि काळ्या रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल रेघा चमकल्या. मित्राकडून आणलेलं पॉलिशचं मशीन मकरंदनं हळूहळू फिरवलं, तशा त्या विरल्या आणि बोनेटमध्ये समोरचं शेवग्याचं झाड दिसू लागलं.

पायरीवर बसून अण्णा बघत होते. आई गेल्यापासून ते उन्हं वर येईपर्यंत अंथरुणातच पडून असायचे. गाडी आली आणि ते पुन्हा पहाटे उठू लागले. जुन्या बनियनच्या कोरड्या फडक्यानं, धूळ न झटकता, गोल गोल हात फिरवत ती पुसायचे. रेघा त्यानंच पडल्या होत्या. आज अण्णांना ते सांगून टाकायचं, असं मकरंदनं ठरवलं होतं.

“कशानं रे पडतात या?” अण्णांनीच विचारलं. फडकं घडी करून मांडीवर ठेवलेलं होतं.

मकरंदनं मशीन बंद केलं.

“धुळीनं, अण्णा. रस्त्याचं काम चाललंय ना.”

“तरीच!” अण्णांना हुरूप आला. “मग आता संध्याकाळीही पुसत जाईन.”

मकरंदनं मित्राला फोन लावला. तुझं मशीन इतक्यात परत मिळणार नाही, म्हणाला.