बुधवारचा समुद्र

फ्यूजकाकांचे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि नळाची तोटी पाठीत रुतत होती. मोटरहोममधली, म्हणजे चाकांवरच्या घरातली बाथरूम काही माणसाने लपून बसावं म्हणून केलेली नसते. तरी काका पाऊण तास हूं की चूं न करता तिथे बसून होते, हातात दहा नंबरचा पाना घेऊन. आज चोर सापडलाच पाहिजे होता.

चोरी करंटची होती. वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली ही गाडी तीन वर्षं भाड्याच्या शेडमध्ये उभी होती. दर रविवारी काका यायचे. पायरीपाशी चपला काढायचे, कारण आतल्या चटईवर धुळीचा कण त्यांना खपत नसे. दिव्या-पंख्याची बॅटरी दिवसभर चार्जरला लावायची, मग तिची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवायची आणि शेडच्या दारावर खडूने व्होल्टचा आकडा लिहायचा: बारा पॉइंट सात. पुढच्या रविवारी बघावं तर बारा! वायर सोडवलेली बॅटरी आठवड्यात एवढी उतरत नाही, हे काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि बॅटरी आठवडाभर टिकल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम.

"वाटेत दिवे गेले तर लोक काय म्हणतील? वायरमनची गाडी, आणि अंधार?"

काकांच्या आईला समुद्र बघायचा होता. वय वर्षं चौऱ्याऐंशी, आणि समुद्र काही बघितलेला नाही. आधी ती रोज विचारायची, मग आठवड्यातून एकदा. हल्ली विचारायचीच बंद झाली होती, आणि तेच काकांना जास्त लागत होतं.

पहिला संशय शेडवाल्यावर. त्याने कानाला हात लावले. "काका, तुमच्या गाडीपाशी मी शिंकतसुद्धा नाही."

मग गेल्या रविवारी काकांनी बॅटरीचं झाकण उघडलं आणि चक्रावूनच गेले. दोन्ही टर्मिनलना व्हॅसलिन लावलेलं, अगदी बेताने, गंज चढू नये म्हणून. आता करंट चोरणारा चोर समजू शकतो. पण बॅटरीची लेकरासारखी काळजी घेणारा हा कोण हरामखोर?

सोमवारी येऊन त्यांनी आकडा तपासला. जागच्या जागी. मंगळवारीही तसाच. आज बुधवार. बायको आणि आई दर बुधवारी गुडघ्याच्या व्यायामाला जात, त्यामुळे भरदुपारी कुठे निघालात म्हणून विचारायला घरी कुणी नव्हतं. काका आले, पायरीपाशी चपला काढल्या, गाडीचं दार आतून लॉक केलं आणि चोरपावलांनी बाथरूममध्ये शिरले.

गाडीच्या दाराचं कुलूप वाजलं. चोराकडे किल्ली होती! थोडी खुडबुड झाली, वायर जोडल्याची ओळखीची टिचकी ऐकू आली, दाराच्या फटीतून उजेड आला आणि पंखा फिरायला लागला. काकांनी पाना घट्ट धरला.

"आई, जपून. पायरी उंच आहे. चपला माझ्याकडे द्या, सीटखाली ठेवते."

पाना हातातून निसटता निसटता राहिला. बायको!

"आज कुठे जायचं?" बायकोने विचारलं.

"समुद्रावर ने बाई," आईचा आवाज आला. "गेल्या बुधवारी डोंगरात नेलंस, मी गारठले."

"मग पंखा वाढवते. समुद्रावर वारा असतो म्हणे."

"वाढव. आणि तो नळ सोड थोडा. पाण्याचा आवाज आल्याशिवाय समुद्र कसला?"

पाण्याचा पंप गुरगुरला. ओट्याच्या बेसिनमध्ये धार पडायला लागली. काका मनातल्या मनात अँपिअर मोजत होते.

"दिसला का, आई?"

"डोळे मिटले की चांगला दिसतो. मोठा आहे गं. खरा कसा असतो, कोण जाणे."

काका मोजायचे थांबले.

नळ बंद झाला. "अहो," बायको दाराकडे तोंड करून म्हणाली, "या आता बाहेर. पाय आखडले असतील. तुमच्या चपला आहेत पायरीपाशी, पोलिसांनासुद्धा सापडला असतात."

काका वाकत वाकत बाहेर आले. पडलेलं तोंड सावरायचं म्हणून आवाज चढवला. "तीन वर्षं! तुम्ही बॅटरी संपवता म्हणून गाडी निघत नाही!"

"गाडी निघत नाही म्हणून आम्ही इथल्या इथे फिरतो," बायको म्हणाली. "आणि व्हॅसलिन लावत होते ना मी? तुम्हीच तर शिकवलंत."

आई सीटवर बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघत होती.

"अरे, गाडी आणलीस त्या दिवशी मला तासभर समजावलं होतंस. गाडी पळायला लागली की बॅटरी आपोआप भरते म्हणून. ते खरं होतं की थाप?"

काकांनी खिडकीतून शेडच्या दाराकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत खडूचे आकडे.

"खरं होतं," ते हळूच म्हणाले.

सीटखाली चपलांचे दोन जोड नीट लावलेले होते. तिसरा बाहेर, पायरीपाशी.

"मग तुझ्या त्या चपला आधी आत घे," आई म्हणाली. "गाडी सुटली की राहतील इथेच."