शेपटीचा घेर

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोनीटेलभोवती टेप गुंडाळली आणि आकडा कागदावर लिहून घेतला. "साडेपाच सेंटिमीटर. आधी किती भरायची?"

"मोजली होती कुणी? पण रबर दोन वेढ्यांतच तटतटायचं. आता चार घेतले तरी घसरतं," ती म्हणाली. शिलाईच्या कारखान्यात दिवसभर काजं-बटणं करणारी बाई. दुसऱ्याच कुणाच्या केसांबद्दल सांगावं तसं सांगत होती.

"तीन-चार महिन्यांपूर्वी मोठा ताप, ऑपरेशन, एखादा धक्का? केस लगेच गळत नाहीत, मागाहून गळतात."

"छे हो! उलट तेव्हाच तर सुटले मी. सासूबाई गेल्या. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आणि जिभेला हाड म्हणून नाही. माझ्या हातच्या चहाला नावं ठेवल्याशिवाय कधी घोट घेतला नाही. गेल्या तेव्हा नणंदा धाय मोकलून रडल्या, माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर. शेजारीण म्हणालीसुद्धा, 'सुटलीस गं बाई!'"

डॉक्टरीणबाईंनी टेप गुंडाळून खणात ठेवली. "बरं. झोप कशी लागते?"

"पडल्या पडल्या लागते हो. झोपेची काही तक्रार नाही," ती म्हणाली आणि जायला उठली.

 

"फक्त दर दोन तासांनी उठावं लागतं, सासूबाईंना कुशीवर वळवायला."