टवके

अमरावतीच्या नव्या कॅफेच्या पाटीवर माझ्या भावानं केलेला फॉन्ट झळकत होता. जाडजूड, ठोकळेबाज अक्षरं. अकोल्याच्या आमच्या प्रेसमध्ये बाबा ज्या लाकडी ठशांनी शंकरपटाची, बैलांच्या शर्यतींची, पोस्टरं छापायचे, त्यांच्यावरूनच घेतलेली. फक्त प्रत्येक अक्षर खरवडलेलं होतं, कडांचे टवके उडालेले.

"बाबाच्या ठशांले साधा ओरखडा नव्हता, ललित. रोज रॉकेलनं पुसत होते ते."

"तोच तर लोचा होता ना ताई! गिऱ्हाइकाले जुनं पायजे, झिजेल पायजे. मंग मीच घासले. पॉलिश पेपर घेतला, कानस घेतली, अन् बसलो खाली प्रेसमंदी. मंग छापून स्कॅन केले."

"कधी?"

"बाबा शेवटचे पडून होते न, तवा. घरीच होतो, टाइमच टाइम होता."

बाबा वरच्या खोलीत होते. त्या दिवसांत ते सारखे उठून बसायला बघायचे. "माह्या अक्षरांले उंदीर लागले," म्हणायचे, "आयक, कुरतडून राहिले." डॉक्टरांना ललितनंच सांगितलं होतं, "भ्रम झाला त्याईले." मग बाबांना झोपेचं इंजेक्शन सुरू झालं.

ललित कौतुकानं पाटीकडे बघत होता. "आता विकाले काढतो हा फॉन्ट. नाव बाबाचंच देतो. चांगलं वाटन ना?"

"नको," मी म्हणाले. "उंदीर ठेव."